आधारगटात जायचं ठरवलं तेव्हापासून शेवटच्या बैठकीपर्यंत

लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्या मोठ्या माणसांसाठी ऑनलाइन आधारगट चालतात, हे मला चाळिशी उलटून गेल्यावर कळलं. कळल्यावरही फॉर्म भरण्याचा धीर होईना, कारण आत गेल्यावर नेमकं काय होतं हे कुणीच सांगत नव्हतं. कॅमेरा सुरू ठेवावा लागतो का? खरं नाव द्यावं लागतं का? पहिल्याच दिवशी सगळं बोलायला लावतात का? नाही जमलं तर मधेच उठून जाता येतं का? प्रश्न इतके साधे होते, पण उत्तरं मिळत नव्हती म्हणून मी कितीतरी महिने नुसता थांबून राहिलो. गेल्या सप्टेंबरमध्ये सुरुवात केली आणि या मे महिन्यात माझ्या गटाची शेवटची बैठक झाली. मधल्या काळात जे जे घडलं ते क्रमाने लिहितो आहे.

त्याआधी दोन गोष्टी. माझ्याबाबतीत काय झालं त्याचं वर्णन या लेखात नाही, त्यामुळे त्या भीतीने वाचायचं थांबू नका. आणि तुमच्यावर अत्याचार आजही चालू असेल, किंवा जीव द्यावा असे विचार येत असतील, तर आधारगट ही पहिली जागा नव्हे. आधी हेल्पलाइन, डॉक्टर किंवा विश्वासाचं माणूस गाठा. गटात लिहिलेल्या मजकुराला उत्तर यायला कधी कधी अख्खा दिवस जातो.

माझ्यावर अत्याचार करणारा माणूस घरच्यांच्या विश्वासातला होता. मी तीसेक वर्षं कुणापाशी काही बोललो नाही. मग झोप पार उडाली, रागावरचा ताबा सुटायला लागला आणि बायकोने आग्रह धरला म्हणून समुपदेशनाला जाऊ लागलो. वर्षभराने समुपदेशक मॅडमनीच गटाचा विषय काढला. मी म्हणालो, “अनोळखी माणसांसमोर मला हे सांगता येणार नाही.” त्या म्हणाल्या, “सांगायचं नाहीच आहे. तुम्ही ऐकायला जा. तुमच्यासारखे आणखी पुरुष आहेत हे मी कितीदा सांगितलं तरी तुम्हाला ते पटत नाहीये.” खरं होतं ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका जुन्या माहितीपत्रकात मी वाचलं होतं की दर पाच स्त्रियांमागे एक आणि दर तेरा पुरुषांमागे एक जण बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगतो. आकडा वाचला, पण त्या तेरातला दुसरा कोणी मला कधी भेटलाच नव्हता.

मॅडमनी आणखी एक गोष्ट समजावली आणि पुढचे सगळे निर्णय मी तिच्या आधाराने घेतले. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ साली सावरण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरं जाणं आणि त्यांचा शोक करणं, आणि त्यानंतर माणसांशी पुन्हा जोडलं जाणं. टप्पा बदलला की गटाचा प्रकारही बदलायला हवा, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या टप्प्यातल्या माणसाने घटना उगाळणाऱ्या गटात जाऊ नये. त्याच्यासाठी आजचा दिवस कसा काढायचा यावर बोलणारा गट बरा. मॅडमनी मला स्पष्टच सांगितलं, “तुम्ही अजून पहिल्याच टप्प्यात आहात. गट शोधताना एवढं एक बघा, तिथे कशाबद्दल बोलतात.”

सप्टेंबर शोधण्यात गेला. गटांचे साधारण तीन प्रकार दिसले. पहिला लेखी. तिथे आपल्या सवडीने लिहायचं आणि इतरांनी सवडीने उत्तर द्यायचं. दुसरा ठरलेल्या वेळी भरणारा, पण टाइप करून बोलण्याचा. तिथे चेहरा आणि आवाज दोन्ही लपलेले राहतात. तिसरा व्हिडिओवरचा. काही गट पूर्णपणे सोसलेल्या माणसांनीच चालवलेले असतात. १९८२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सर्व्हायव्हर्स ऑफ इन्सेस्ट ॲनॉनिमस’च्या बैठका तशा, व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांच्या धर्तीवरच्या. काही गटांत प्रशिक्षित समुपदेशक बसलेला असतो. पुरुषांसाठी ‘वन इन सिक्स’ या अमेरिकन संस्थेचे असे गट आहेत. बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत, देणग्यांवर काम चालतं. दवाखान्यांनी किंवा खासगी समुपदेशकांनी चालवलेल्या बंद गटांना फी असते. पण उत्पन्नाप्रमाणे फी कमी करून मिळते का, हे विचारायला लाजू नका. मी एका ठिकाणी विचारलं, तर त्यांनी त्याचा वेगळा फॉर्म पाठवला. पुढे मी ज्या गटात गेलो तो विनामूल्य होता.

गट पारखताना मी सगळ्यात आधी नियमांचं पान उघडायचो. नियम लेखी आहेत का? देखरेख कोण करतं आणि त्यांच्याशी संपर्क कसा करायचा? अठरा वर्षांखालच्यांना वेगळं ठेवतात का? लिहिलेलं फक्त सभासदांना दिसतं की बाहेरून शोधणाऱ्यालाही सापडतं? नवीन सभासदाला कुणीही परस्पर खासगी मेसेज पाठवू शकतं का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मी नाव नोंदवलेल्या एका गटात खासगी मेसेज सगळ्यांना खुले होते. लगेचच एकाचा मेसेज आला. मीही सोसलंय, असं तो म्हणत होता, पण पुढची प्रत्येक ओळ माझ्या वयाबद्दल आणि ‘नेमकं काय केलं’ याबद्दल होती. पोटात गोळा आला. मी कळवलं, उत्तर आलं नाही, मी खातं बंद केलं. अशी माणसं या जागांभोवती घोटाळत असतात, हे जाणून असलेलं बरं. खराखुरा सोबती तपशील मागत नाही. जो मागतो त्याला उत्तर न देता सरळ देखरेख करणाऱ्यांना कळवा, आणि कळवूनही काही हललं नाही तर तो गट सोडा.

दोन गटांनी मला नाही म्हटलं. एक फक्त स्त्रियांसाठी होता आणि ते त्यांनी अतिशय सौजन्याने लिहून पुरुषांच्या गटांची नावं सोबत जोडली होती. दुसऱ्यात जागा नव्हती. नकार वाचताना जुनी सवय डोकं वर काढतेच, की आपल्यालाच कुठे जागा नाही. तेवढ्यावर शोध थांबवू नका.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका लेखी गटात खातं उघडलं. त्यासाठी वेगळा ईमेल पत्ता काढला. टोपणनाव असं घेतलं की जे मी दुसरीकडे कुठेही वापरलेलं नाही. फोटो लावला नाही. फोनवर बंद पडद्यावर मेसेजचा मजकूर झळकतो, ते बंद केलं. काही ॲप फोनमधले सगळे नंबर वाचतात आणि ओळखीच्यांना आपलं नाव सुचवतात, म्हणून संपर्कयादीची परवानगी नाकारली. अशा बऱ्याच पानांवर झटकन बाहेर पडण्याचं एक बटण असतं. ते दाबलं की समोर दुसरंच पान उघडतं, पण ब्राउझरची नोंद पुसली जात नाही. घरात एकच कॉम्प्युटर सगळे वापरत असतील तर हे लक्षात ठेवा. हे सगळं करताना मला आपण काही चोरून करतोय असं वाटत होतं. पण टोपणनावाची गरज या गटांना पहिल्यापासून होती. १९९० च्या दशकात यूजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या लेखी चर्चागटांवर, अत्याचारातून सावरणाऱ्यांची चर्चा चालायची, तेव्हाही नाव झाकून लिहिता येणं फार मोलाचं होतं. त्या काळी पाठवणाऱ्याचा पत्ता काढून निरोप पुढे धाडणारी एक सेवा फिनलंडमधून चालायची. एका वादात वापरणाऱ्यांची ओळख उघड करण्याची कायदेशीर वेळ आली आणि १९९६ साली ती चालवणाऱ्याने सेवाच बंद केली. हे वाचल्यावर मी टोपणनाव नीट विचार करून घेतलं आणि मनातली चोरटेपणाची भावना बरीचशी गेली.

लेखी गटात मी बरेच आठवडे नुसता वाचत होतो. त्याला कुणाची हरकत नसते, नियमांतच तसं लिहिलं होतं. प्रत्येक मजकुराच्या वर आत काय आहे याची एक ओळ असायची. घरातल्या माणसाने केलेला अत्याचार, आत्महत्येचे विचार, कोर्टातली सुनावणी, असं काहीतरी. ती वाचून पुढे जायचं की नाही ते आपण ठरवायचं. रात्री झोपण्याआधी वाचायचं नाही हा नियम मी माझ्यापुरता केला, कारण वाचलेलं डोळ्यांसमोरून हलायचं नाही. सकाळी अर्धा तास वाचायचो आणि मग उठून कामाला लागायचो.

त्या वाचनाने काय दिलं ते सांगायला हवं. एकाने लिहिलं होतं की दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवं पडून तोंड उघडायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो आणि म्हणून कित्येक वर्षं तो दुखरे दात घेऊन फिरतोय. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. माझे दात असेच किडले होते आणि मी त्याला आळस म्हणत आलो होतो. खाली पाचसात जणांची उत्तरं होती. डॉक्टरांना आधीच सांगायचं की हात वर केला की थांबा. खुर्ची पूर्ण आडवी करू नका म्हणायचं. पहिल्या भेटीत फक्त तपासणी, उपचार नाही. कुणीही विचारलं नव्हतं की तुझ्यावर काय ओढवलं होतं. तिथे बहुतेक बोलणं असंच चालायचं. केस कापताना मागे कुणी उभं राहिलं की काय करायचं, लग्नसमारंभात तो माणूस समोर येणार असेल तर काय, आपलं मूल आपल्या तेव्हाच्या वयाचं झालं की छाती का भरून येते. मॅडमनी सांगितलेला ‘आजचा दिवस’ तो हाच, हे तेव्हा उमगलं.

नोव्हेंबरात मी पहिल्यांदा लिहिलं. नवीन सभासदाचा मजकूर आधी तपासला जातो, त्यामुळे तो लगेच दिसत नाही. माझा दुसऱ्या दिवशी परत आला, सोबत दोन ओळींचा निरोप. गावाचा उल्लेख आणि साल काढा, त्यावरून तुम्हाला कुणीतरी ओळखू शकेल, आणि तिसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य इतर वाचकांना जड जाईल. आधी अंग तापलं. मोठ्या मुश्किलीने लिहिलेलं कुणीतरी खोडतंय असं वाटलं. मग तो निरोप पुन्हा वाचला, तेव्हा त्यातली काळजी दिसली. मी बदल केले आणि मजकूर प्रसिद्ध झाला.

मी लिहिलेलं होतं ते एवढंच, की मी तेव्हा ओरडलो का नाही, पळालो का नाही, हे मला आजवर सुटलेलं नाही. पहिलं उत्तर फक्त ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’ असं होतं. दुसऱ्यात एका बाईंनी लिहिलं की त्यांचंही शरीर दगडासारखं थिजलं होतं, आणि सोबत एका अभ्यासाचा उल्लेख केला. स्वीडनमधल्या स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांशी बोलून केलेला तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांनी सांगितलं होतं की त्या वेळी त्यांचं शरीर लक्षणीय प्रमाणात ताठरून गेलं, हलताच येईना. हे ठरवून होत नाही, भीतीच्या टोकाला शरीर आपोआप करतं. तो अभ्यास प्रौढ स्त्रियांचा, माझं प्रकरण लहान मुलाचं, तरीही माझ्या मनात तीस वर्षं उभा असलेला खटला त्या दिवशी पहिल्यांदा डळमळला. मॅडमनी हेच पूर्वी सांगितलं होतं. पण जिने स्वतः भोगलंय तिने ‘मीही हलू शकले नाही’ म्हणणं वेगळं असतं. त्याचा परिणाम मी अजूनही नीट सांगू शकत नाही.

त्याच महिन्यात व्हिडिओ गटासाठी अर्ज केला. पुरुषांचा, बंद गट. म्हणजे ठरावीक आठदहा जण, मधे कुणी नवीन येत नाही, आठवड्यातून एकदा दीड तास, साधारण तीन महिने. अर्ज लांबलचक होता. खरं नाव, वय, राहण्याचा पत्ता, अडचणीच्या वेळी संपर्क करायची व्यक्ती, सध्या समुपदेशन चालू आहे का, औषधं कोणती, व्यसन आहे का, अलीकडे स्वतःला इजा केली आहे का. एका प्रश्नावर मी फार रेंगाळलो. ‘तुम्ही ज्या घरात बसून बैठकीला हजर राहणार, तिथे तुम्हाला कुणापासून धोका आहे का?’ मला नव्हता. पण हा प्रश्न विचारावा लागतो, म्हणजे काहींना असतो, हे जाणवून बराच वेळ पुढचं भरवेना. फॉर्म एका बैठकीत पूर्ण करायची गरज नसते. अर्धवट जतन करता येत होता, मी तो तुकड्यातुकड्याने भरला. उत्तरं आधी साध्या कागदावर लिहून काढली तर सोपं जातं. घटनेविषयी फक्त एक चौकोन होता आणि तो रिकामा ठेवायला परवानगी होती.

प्रतीक्षायादीत टाकल्याचा ईमेल आला आणि मग डिसेंबर संपेपर्यंत काहीच नाही. ही वाट पाहणं सगळ्यात कठीण गेलं. मन एकदा उघडण्याच्या तयारीत आलं की ते पुन्हा मिटून घेणं सोपं नसतं. त्या काळात मॅडमकडच्या भेटी जरा जवळजवळ ठेवल्या आणि लेखी गट चालू ठेवला. अर्ज केल्यावर ‘साधारण किती दिवस’ हे विचारून घ्या आणि त्या काळासाठी काहीतरी आधार आधीच लावून ठेवा.

जानेवारीच्या मध्यावर ओळखीचा कॉल झाला. गट घेणाऱ्या समुपदेशक बाईंनी पाऊणएक तास बोलून घेतलं. त्यांना घटना ऐकायची नव्हती. बोलताना फार अस्वस्थ झालात तर तुमच्यात काय बदल दिसतो, हे त्यांनी विचारलं. मी म्हणालो, गप्प होतो, समोरचं ऐकू येईनासं होतं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “मग तुम्ही बराच वेळ गप्प दिसलात तर मी तुम्हाला नावाने हाक मारेन, चालेल?” मग गोपनीयतेच्या मर्यादा सांगितल्या. गटातलं बाहेर जाणार नाही, अपवाद दोन. कुणाच्या जिवाला तातडीचा धोका दिसला तर, आणि एखाद्या लहान मुलावर आत्ता अत्याचार होत असल्याचं कळलं तर. गट दुसऱ्या देशातून चालायचा आणि त्यांच्या देशाच्या कायद्याने त्यांना ते कळवणं भाग होतं. अनेक देशांत असा कायदा आहे, तपशील मात्र देशागणिक वेगळे.

हा दुसरा अपवाद ऐकला की बरेच जण थबकतात, कारण अत्याचार करणारा माणूस अजून मुलांच्या आसपास वावरत असतो. माझ्याबाबतीत तो माणूस हयात नाही, त्यामुळे माझ्यापुरता प्रश्न मिटला होता. गटातल्या इतरांना मात्र तो पुढे छळत राहिला. तुमच्या मनात हे असेल तर कुणाचंही नाव घेण्याआधी विचारा, ‘मी नाव सांगितलं तर तुम्ही काय कराल?’ चांगला गट या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो आणि कळवायचं ठरवलंत तर त्यात सोबतही करतो. आणि कोर्टात प्रकरण चालू असेल किंवा तक्रार करायचा विचार असेल, तर लेखी गटात काहीही लिहिण्याआधी वकिलांशी बोला. काही देशांत असं लिखाण पुरावा म्हणून मागवलं जाऊ शकतं.

शेवटी संमतीपत्रावर सही. त्यात लिहिलं होतं की रेकॉर्डिंग नाही, स्क्रीनशॉट नाही, बोलणं आपोआप टिपून घेणारी सोय बंद ठेवायची, बैठकीबाहेर एकमेकांशी संपर्क करायचा नाही, प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला आपण त्या क्षणी कुठे बसलो आहोत तो पत्ता बाईंना खासगीत कळवायचा. हा पत्ता कशाला, असं मला वाटलं. कुणाला काही झालं तर मदत कुठे पाठवायची, म्हणून.

फेब्रुवारीत बैठका सुरू झाल्या. बायकोला मी एवढंच सांगितलं होतं की त्या दीड तासात दार बंद असेल आणि नंतर लगेच मला काही विचारू नकोस. ती म्हणाली, “तुला वाटेल तेव्हा सांग. नाही वाटलं तर नको सांगूस.” घरच्यांना वेळ आधीच सांगून ठेवा. हेडफोन लावा, म्हणजे दुसऱ्यांचं बोलणं तुमच्या घरात ऐकू जाणार नाही. ती त्यांची अमानत आहे.

बैठकीचा साचा दर वेळी तोच. आधी सगळ्यांनी कॅमेरा सुरू करायचा, खोलीत दुसरं कोणी नाही हे दाखवायचं, मग हवं तर बंद. शून्य ते दहापैकी आज किती अस्वस्थ आहात तो आकडा सांगायचा. मग त्या दिवसाचा विषय, प्रत्येकाला ठरलेली मिनिटं. दुसरा बोलत असताना मधे बोलायचं नाही, बोलून झाल्यावरही सल्ला द्यायचा नाही, ‘तू असं कर’ म्हणायचं नाही. ‘मला’ आणि ‘मी’ने सुरू होणारी वाक्यं बोलायची. घटनेचे तपशील नाहीत. कुणी त्या दिशेला वाहत जायला लागलं की बाई हळूच थांबवायच्या. शेवटची दहा मिनिटं पाय जमिनीवर टेकवून बसायचं आणि खोलीतल्या पाच दिसणाऱ्या गोष्टी, चार हाताला लागणाऱ्या, तीन ऐकू येणाऱ्या, दोन वास, एक चव मनात मोजायची. आणि उरलेला दिवस कसा घालवणार ते एका वाक्यात सांगून निरोप.

पहिल्या दिवशी मी आकडा सांगितला आणि पुढे ‘आज मी ऐकतो’ एवढं म्हणालो. कुणी आग्रह केला नाही. हे सगळं इतकं बांधलेलं मला सुरुवातीला कोरडं वाटलं. दुःखाबद्दल बोलायला घड्याळ कशाला? तीनचार बैठकांनंतर मात्र मला त्या घड्याळाचा आधार वाटायला लागला. आपली पाच मिनिटं संपली की बोलणं थांबणार हे माहीत असल्यामुळेच मी बोलायला सुरुवात करू शकलो. आपल्यावर अत्याचार झाला तेव्हा कसलीच सीमा उरली नव्हती, कुणी थांबवणारं नव्हतं. इथे प्रत्येक गोष्टीला कडा होती आणि थांबवायला माणूस होतं. गट निवडताना त्याचे नियम आधी बघा असं मी वर म्हणालो ते यासाठी. प्रेमळ माणसं पुष्कळ ठिकाणी भेटतील. ती माणसं एकमेकांना नकळत दुखावू नयेत याची सोय केलेली जागा शोधावी लागते.

सगळ्यात जास्त आठवतं ते एक बोलणं. कुणीतरी म्हणालं की तुमच्या मानाने माझं काहीच नाही, एकदाच झालं, मी इथे बसून दुसऱ्या कुणाची जागा अडवतोय असं वाटतं. आणि एकामागून एक प्रत्येकाने सांगितलं की मलाही नेमकं हेच वाटतं. ज्याच्यावर वर्षानुवर्षं अत्याचार झाला तोही म्हणत होता की माझ्यावर जबरदस्ती झाली नाही, तुमच्यावर झाली. मीही मनात हीच तुलना घेऊन आलो होतो. त्या दिवशी बाईंनी घड्याळ जरा सैल सोडलं. पडद्यावरचे चौकोन बराच वेळ गप्प होते, पण ती शांतता मला परकी वाटली नाही. ‘माझं तेवढं गंभीर नाही’ म्हणून तुम्ही फॉर्मवर अडला असाल तर एवढंच सांगतो, आत बसलेला प्रत्येक जण हेच म्हणत आत आलेला आहे.

मार्चमध्ये दोन गोष्टी घडल्या. पहिली साधी. गट चालायचा त्या देशातली घड्याळं उन्हाळ्यासाठी तासाने पुढे सरकली, त्यामुळे माझ्याकडची बैठकीची वेळ बदलली. परदेशातल्या गटात असाल तर मार्च आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला वेळ तपासून घ्या. दुसरी कठीण. एक सभासद न कळवता आला नाही. आम्ही सगळे हादरलो, पण त्याच्याशी थेट संपर्क करायला कुणाकडे काही नव्हतं, आणि तशीच व्यवस्था होती. बाईंनी अर्जातल्या व्यक्तीशी संपर्क केला आणि पुढच्या बैठकीत फक्त एवढं सांगितलं की तो सुखरूप आहे आणि त्याने गट सोडला आहे. का, ते सांगितलं नाही. त्या दिवशी मला फार राग आला, दुसऱ्या दिवशी तो विरला. मी सोडला असता तर माझ्याबद्दलही एवढंच सांगितलं जावं असं मला वाटलं असतं.

बैठकीनंतरचा दिवस बहुतेक वेळा जड जायचा. डोकं दुखायचं, झोप तुटायची, विनाकारण भांडण काढावंसं वाटायचं. मॅडम म्हणाल्या, एकदोन दिवस असं होणं स्वाभाविक आहे, आठवडाभर उतरलं नाही तर बैठका काही काळ थांबवू. म्हणून त्या दिवशी महत्त्वाचं काम ठेवलं नाही, गाडी लांब चालवली नाही. जमेल तितकं चाललो. इतरांच्या कहाण्या ऐकूनही अंगात जडपणा भरतो. त्यात कमजोरीचं काही नाही, ऐकणाऱ्या समुपदेशकांनाही तो भोगावा लागतो आणि त्यांनाही त्यासाठी कुणाशी तरी बोलावं लागतं.

एप्रिलमध्ये मी गटात दातांचा विषय काढला. सल्ला द्यायचा नाही हा नियम होता, त्यामुळे कुणी काही सुचवलं नाही. दोघांनी फक्त आपापल्या भेटीचं सांगितलं. त्या आठवड्यात मी डॉक्टरांना ईमेल केला की मला आडवं पडायला त्रास होतो, हात वर केला की थांबाल का. त्यांनी कारण विचारलं नाही. ‘हो’ असं उत्तर आलं आणि पहिली भेट फक्त तपासणीची झाली. उपचार अजून चालू आहेत.

मेमध्ये गट संपला. शेवटच्या दोन बैठका निरोपाच्याच होत्या, अचानक तुटल्यासारखं होऊ नये म्हणून ते आधीपासून ठरलेलं असतं. प्रत्येकाने दुसऱ्याचं काय लक्षात राहील ते सांगितलं. मला सांगितलं गेलं की तू शेवटी शेवटी कॅमेरा बंद करायचा विसरलास. खरं नाव आजही कुणाचं मला माहीत नाही. त्यानंतर अभिप्रायाचा फॉर्म आला. मी त्यात लिहिलं की प्रतीक्षेच्या काळात महिन्यातून एकदा तरी ईमेल पाठवा. आणि माझा अर्ज, पत्ता, बाईंच्या नोंदी तुम्ही किती काळ ठेवणार हे विचारलं. उत्तर आलं की काही नोंदी नियमाप्रमाणे ठरावीक वर्षं ठेवाव्या लागतात, बाकीच्या विनंतीवरून पुसतात. मी विनंती केली आणि पुसल्याचं लेखी मागून घेतलं. बऱ्याच देशांत हा तुमचा हक्क आहे, अर्ज करतानाच विचारलंत तर आणखी चांगलं.

लेखी गटात मी अजून आहे. नवीन कुणी लिहिलं की सकाळच्या अर्ध्या तासात उत्तर देतो. पुढच्या टप्प्याचा, म्हणजे आठवणींवर काम करणारा गट शरद ऋतूत सुरू होणार आहे. मॅडमच्या मते इतक्यात घाई नको, दातांचे उपचार पूर्ण होऊ देत आणि झोप सलग दोनतीन महिने नीट लागू दे. त्यांचं म्हणणं मला पटलं. अर्ज उतरवून ठेवला आहे, घटनेचा चौकोन तेवढा रिकामा आहे. या गटात तो भरावा लागतो, पण आत गेल्यावर भरला तरी चालतो, हे मी विचारून घेतलं आहे.